बाटलीवर दोन सह्या

सत्तावीस_अंश (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर जुंपली. डी विंगमधल्या एका मुलाला कावीळ झाली होती. त्यावर एकाने लिहिलं, "जलप्रदूषणाचे कायदे वगैरे सगळं कागदावर. घरी आरओ बसवा आणि निवांत राहा." लगेच अकरा अंगठे. मी उत्तर टंकायला बसलो ते इतकं लांबलं की तिथे टाकलं असतं तर ॲडमिनने मलाच बाहेर काढलं असतं. म्हणून इथे.

मी ऐरोलीत राहतो. टीटीसी पट्ट्यात, म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक वसाहतीत, २९ वर्षं केमिस्ट होतो. सांडपाण्याच्या बाटल्या भरणं, मोजणं, नोंदवहीत आकडे लिहिणं हे काम. माझ्या आयडीचं कोडं जुन्या सदस्यांनाही सुटलेलं नाही, तर आज सांगून टाकतो. बीओडीची बाटली आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात. पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन संपवतात ते त्यावरून कळतं. नदीत किंवा नाल्यात सोडायच्या पाण्याला सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम. माझं निम्मं आयुष्य या ३० च्या अलीकडे राहण्यात गेलं.

आता मुद्दा. त्या मुलाला कावीळ नेमकी कुठल्या पाण्यातून झाली? कोणालाही सांगता येणार नाही. ए प्रकारची कावीळ पोटात गेल्यापासून दिसेपर्यंत साधारण चार आठवडे जातात, ई प्रकारची दोन ते दहा आठवडे घेते. डोळे पिवळे होईपर्यंत ते पाणी खाडीतून समुद्राला मिळालेलं असतं. मधल्या काळात पोराने शाळेत, क्लासला, लग्नात, ठेल्यावर, मामाकडे पाणी प्यायलेलं असतं. कोर्टात उभं राहून "या पाइपामुळे हा मुलगा आजारी पडला" हे सिद्ध करायचं झालं तर जगातला एकही पाइप दोषी ठरणार नाही.

जपानमधल्या मिनामाताची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, तिच्यातली तारीख सहसा कोणी सांगत नाही. खाडीतले मासे खाऊन लोकांचे हातपाय वाकडे होताहेत हे अधिकृतपणे नोंदलं गेलं १९५६ मध्ये. कारखान्यातला पाराच याला कारण आहे हे सरकारने मान्य केलं १९६८ मध्ये. मधली बारा वर्षं पुरावा, प्रतिपुरावा, समित्या. आणि ती बारा वर्षं पारा खाडीत पडतच होता.

प्रदूषणाच्या कायद्याने हा पेच सोडवला तो इथे. आजार कोणाला झाला, किती जणांना झाला हे तो विचारतच नाही. तो पाइपच्या तोंडाशी उभा राहतो आणि म्हणतो, इथून बाहेर पडताना एवढंच. पारा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, शिसं ०.१, तेल-ग्रीस १०. ओलांडलं की गुन्हा, मग खाली कोणी ते पाणी पिवो न पिवो. महाराष्ट्राने हे केंद्राच्याही आधी केलं. आपला स्वतःचा जलप्रदूषण कायदा १९६९ चा, १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. केंद्राचा कायदा १९७४ चा.

नमुना घ्यायचीही पद्धत कायद्यात लिहिलेली आहे. अधिकारी येतो, विश्लेषणासाठी नमुना घेतोय अशी नोटीस जागेवरच देतो, तुमच्या समोर पाण्याचे दोन भाग करतो. दोन्ही बाटल्यांना सील. दोन्हींवर दोघांच्या सह्या, त्याची आणि कारखान्याच्या माणसाची. आमच्याकडे तो माणूस बहुतेक वेळा मी असायचो. एक बाटली मंडळाच्या लॅबला, आणि मागणी केली तर दुसरी वेगळ्या लॅबला. ही सही करताना हात कसा होतो ते केलेल्यालाच ठाऊक.

एक गोष्ट कबूल करतो. नव्वदच्या दशकात, एका पावसाळ्यात, आमच्या सांडपाण्याच्या प्लांटचा एअरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, चार दिवस बंद होता. रात्री बायपासचा व्हॉल्व्ह उघडला गेला, म्हणजे पाणी शुद्ध न करताच बाहेर सोडलं. कोणी उघडला ते मला माहीत होतं, मलाही त्याची कल्पना दिलेली होती. सकाळी मी नोंदवहीत बीओडी २८ लिहिला. बाटली भरलीच नव्हती. कंपनी आता नाही, साहेब आता नाहीत, नोंदवही भंगारात गेली. तो आकडा मात्र माझ्याच अक्षरात आहे. त्या चार दिवसांत खाली खाडीच्या कडेला कोणाला काय झालं, मला कधीच कळणार नाही. कोणालाच कळणार नाही, हेच तर मी वर लिहिलंय.

---

चेंदणीकर

वाचलं. शेवटचा परिच्छेद लिहायला धाडस लागतं.

खाली खाडीच्या कडेला आम्हीच होतो. आमचे आजोबा ठाण्याच्या चेंदणी बंदरावरून होडी काढायचे. उधाणाला पाग टाकला की बोय, कोळंबी, कधी जिताडा. ओहोटीला चिखलात निवट्या, चिंबोऱ्या, दगडावरची कालवं. आई सांगते की कालवं फोडून तिथल्या तिथे तोंडात टाकायची, मीठही नको. मला तसं कधी खाऊ दिलं नाही. वडील म्हणायचे, आता घरी नेऊन उकळून खा. पुढे म्हणायला लागले, खाऊच नका, विका. मग विकणंही थांबलं, कारण गिऱ्हाईक वास घेऊन परत ठेवायला लागलं.

तुम्ही म्हणता आजार सिद्ध होत नाही. आमचा धंदा गेला तोही सिद्ध होत नाही हो. जाळ्यात काय आलं नाही, याची पावती कोण देणार?

---

दिव्याचा_दवाखाना

@चेंदणीकर, कालवांबद्दल तुमच्या वडिलांचं म्हणणं वैद्यकीयदृष्ट्या शंभर टक्के बरोबर. कालवं आणि शिंपल्या पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातले विषाणू त्यांच्या अंगात साठतात. १९८८ मध्ये शांघायमध्ये कच्च्या-अर्धकच्च्या शिंपल्यांमुळे काविळीची साथ आली, जवळपास तीन लाख रुग्ण. त्या शिंपल्या जिथून काढल्या त्या पाण्यात मैला मिसळत होता.

धागाकर्त्यांच्या आरओवाल्या शेजाऱ्याला माझ्यातर्फे एक गोष्ट सांगा. दिल्ली, नोव्हेंबर १९५५. यमुनेचं पात्र सरकलं आणि नजफगड नाल्याचं सांडपाणी उलटं फिरून वझिराबादला, जिथून शहराचं पाणी उचलतात, तिथे पोचलं. शुद्धीकरण केंद्रातल्या लोकांना घाण लक्षात आली, त्यांनी क्लोरीन वाढवला. त्यामुळे विषमज्वर काही वाढला नाही. पण पुढच्या काही आठवड्यांत २९ हजारांहून जास्त लोकांना कावीळ झाली. जिवाणू मेले, विषाणू तगले. ती ई प्रकारची होती हे कळायला आणखी कित्येक वर्षं जावी लागली. थोडक्यात, उचलण्याच्या जागीच घाण आली तर पुढचं केंद्र कितीही इमानदारीने चालवा, काही ना काही निसटतं.

आणि ही ई प्रकारची कावीळ बाकी सगळ्यांना दोन-चार आठवडे लोळवते आणि जाते, पण गरोदर बाईला शेवटच्या तिमाहीत झाली तर वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत मृत्यू. माझ्याकडे पिवळे डोळे घेऊन गरोदर पेशंट आली की माझ्याच पोटात गोळा येतो. तिच्या घरी आरओ आहे की नाही हा प्रश्न तेव्हा कोणाला सुचत नाही. ती कामाला जाते तिथल्या माठातलं पाणी कुठून येतं, हा सुचतो.

ठाण्याजवळच्या आमच्या दिव्यात पाणी दिवसातून थोडा वेळ येतं. उरलेला वेळ पाइप रिकामा. रिकामा पाइप बाहेरचं ओढून घेतो, आणि बाहेर गटार असतं. त्यात लोक थेट लाइनला पंप लावतात, म्हणजे ओढ आणखी वाढते. हे प्रदूषण मंडळाच्या कायद्यात बसतं का, मला माहीत नाही. पोटात मात्र बसतं.

---

स्पष्टवक्ता

सगळं छान. पण कायदा १९७४ चा आणि २०१७ मध्ये तळोज्यात कुत्री निळी झाली. कासाडी नदीत रंग सोडला होता, कुत्री त्यात उतरली, जगभर फोटो. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनीत कोणीतरी टँकर रिकामा केला, वायू पसरला, शेकडो लोक रातोरात हॉस्पिटलात. डोंबिवलीला हिरवा पाऊस, नंतर गुलाबी रस्ता. चाळीस-पन्नास वर्षांच्या कायद्याची ही फळं. धागाकर्त्यांनी स्वतःच २८ लिहिल्याचं सांगितलंय. मग त्या सहीचं काय लोणचं घालायचं?

---

सत्तावीस_अंश

@स्पष्टवक्ता, लोणच्याला मीठ लागतं, ते तुम्ही घातलंतच.

पण बघा, कुत्री निळी झाल्यावर काय झालं? मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. कशाच्या जोरावर? कायदाच नसता तर निळी कुत्री ही फक्त गंमत राहिली असती, टीशर्टवर छापली असती. मी २८ लिहिला तेव्हा मला खोटं लिहावं लागलं, कारण खरं लिहिणं गुन्ह्याची कबुली होती. १९६८ मध्ये माझ्या जागी कोणी असता तर त्याला खोटं लिहायचीही गरज नव्हती. कोणी विचारतच नव्हतं.

---

क्रोमवाला_महापे

मी इलेक्ट्रोप्लेटिंगचा छोटा कारखाना चालवतो. आता शिव्या खायला तयार होऊन लिहितो.

आमच्या पाण्यात षट्संयुजी क्रोमियम असतं. पिवळंजर्द. कर्करोगाला कारण होतं म्हणून मर्यादा ०.१. ते काढायचं तर पाणी आम्ल करा, मेटाबायसल्फाइट घाला, पिवळ्याचं हिरवं होतं, मग चुना घालून गाळ बसवा, गाळ दाबून वाळवा, गोणीत भरून तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या केंद्राला पैसे भरून पाठवा. वीज, माणूस, रसायनं, गाळाचा किलोवारी खर्च. आणि माझ्याकडे दर महिन्याला एक माणूस यायचा. "शेठ, एवढं कशाला करता, टँकर लावतो, रात्री उचलतो, निम्म्यात." वालधुनीत जे झालं ते असंच कोणाचं तरी "निम्म्यात" असणार.

कायदा नसता तर मी काय केलं असतं? खरं सांगतो, टँकर लावला असता. नाही लावला तर शेजारचा लावतो आणि माझ्यापेक्षा स्वस्तात प्लेटिंग देतो, दोन वर्षांत माझं दुकान बंद. कायद्याचा फायदा सार्वजनिक आरोग्याला होतो तो होतोच, पण मला तो प्रामाणिक राहायची परवानगी देतो. अर्थात शेजाऱ्यालाही तोच नियम लागला तर. माझी तक्रार कायदा कडक आहे ही नाही. माझ्याकडे तीनदा नमुना घेतात, कारण माझं गेट उघडं असतं, आणि गल्लीतल्या बिनपाटीच्या शेडकडे कोणी फिरकत नाही, ही आहे.

---

शिळफाटा_एक्सप्रेस

पिवळ्याचं हिरवं होतं हे वाचून अंगावर काटा आला. वाचतेय. (आणि कृपया कोणीतरी बीओडी-सीओडीवर वेगळा धागा काढा, मुलीला प्रोजेक्ट आहे.)

---

कलम_चोवीस

माझा आयडी या धाग्यासाठीच जन्माला आला असावा. १९७४ च्या कायद्याचं कलम २४: विषारी किंवा घातक पदार्थ जाणूनबुजून ओढ्यात, विहिरीत, गटारात वा जमिनीवर जाऊ द्यायचा नाही. कलम २५: मंडळाच्या संमतीपत्राशिवाय सांडपाण्याची नवी वाट काढायची नाही. कलम ३३-अ, हे १९८८ ला आलं: मंडळ थेट वीज आणि पाणी तोडायला सांगू शकतं. @स्पष्टवक्ता, खरी भीती याची असते. तुरुंग पंधरा वर्षांनी येईल न येईल, वीज उद्या जाते.

बाटलीवरच्या दोन सह्यांना कोणी नोकरशाही म्हणून हसू नये. कलम २१ ची पद्धत पाळली नाही तर तो अहवाल कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. सील विसरलं, नोटीस दिली नाही, की आरोपी सुटला. मी असे खटले पाहिलेत, बाजू कोणाची होती ते विचारू नका.

अजून एक. पाणी हा राज्यांचा विषय, म्हणून १९७४ चा कायदा संविधानाच्या अनुच्छेद २५२ खाली, राज्यांच्या ठरावांनी झाला. म्हणूनच २०२४ ची दुरुस्तीही आधी हिमाचल, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली, बाकीच्या राज्यांनी ठराव केला की तिथे. या दुरुस्तीने बऱ्याच गुन्ह्यांचा तुरुंग काढून १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड ठेवला. विनासंमती कारखाना चालवला तर तुरुंग अजून आहे. माझं मत विचाराल तर छोट्या चुकांना दंड ठीक, खटला रेंगाळत नाही. पण कलम २४ मधलं विष दंडाच्या रांगेत बसवलं ते मला पटत नाही. पंधरा लाख म्हणजे काहींसाठी टँकरचं वार्षिक भाडं.

शुद्ध पाणी हा जगण्याच्या हक्काचा, अनुच्छेद २१ चा भाग आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुभाष कुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात म्हटलं. सगळीकडे उद्धृत होतं. गंमत अशी की ती याचिका फेटाळलेली आहे! अर्जदार लोकहितासाठी नव्हे, स्वतःच्या हितासाठी आलाय असं कोर्टाचं मत पडलं. तत्त्व जिंकलं, माणूस हरला.

---

नाला_निरीक्षक

सगळे कारखान्यांवर घसरलेत म्हणून लिहितो. मी एका महापालिकेत ड्रेनेजला होतो, निवृत्त. आपल्या नद्यांतलं बहुतेक पाणी कारखान्यांचं नाही, तुमच्या-माझ्या संडासांचं आहे. केंद्रीय मंडळाचा २०२१ चा अहवाल काढून बघा: देशातल्या शहरांतून दिवसाला ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निघतं, प्रत्यक्षात शुद्ध होतं २०,२३५. उरलेलं कुठे जातं ते सांगायला नको.

आणि कायदा महापालिकेलाही तेवढाच लागू आहे. १९८० चा रतलामचा निकाल आम्हाला साहेब लोक कुजबुजत सांगायचे. तिथल्या नगरपालिकेने कोर्टात सांगितलं, गटारं बांधायला पैसे नाहीत. न्या. कृष्ण अय्यर यांनी ठणकावलं की पैसे नाहीत ही सबब चालणार नाही. गंमत म्हणजे तो खटला जलप्रदूषणाच्या कायद्याखाली नव्हता, फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या, सार्वजनिक उपद्रवाच्या जुन्या कलम १३३ खाली होता.

ठाण्याचं उदाहरण घ्या. शहराला पाणी चार-पाच ठिकाणांहून येतं. त्यातलं स्टेम या पाणीपुरवठा कंपनीचं पाणी शहाडजवळ उल्हास नदीतून उचलतात. बारवी धरणाचं पाणीही नदीतून वाहत जांभूळला येतं, तिथून एमआयडीसी उचलते, ते कळवा-मुंब्रा-दिव्याकडे जातं. म्हणजे कर्जत, नेरळ, बदलापूर यांनी वर नदीत काय सोडलं हा ठाणेकराच्या पेल्याचा प्रश्न आहे. मोहन्याला दर उन्हाळ्याआधी जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, तो मैल्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसलेला. वनशक्तीसारख्या संस्था यासाठी हरित लवादापर्यंत गेल्या.

नवी मुंबईकर मोरबेचं स्वतःचं धरण असल्याने जरा ताठ असतात, असू देत. त्यांचं एक मात्र घेण्यासारखं: कोपरखैरणे-ऐरोलीच्या केंद्रांतलं पाणी आणखी गाळून टीटीसीतल्या कारखान्यांना देतात. एकदा वापरलेलं पाणी विकता येतं हे दिसलं की केंद्र बंद पडू द्यायला कोणी धजत नाही. कायद्याच्या धाकापेक्षा कधीकधी हे जास्त चालतं.

---

स्पष्टवक्ता

@क्रोमवाला_महापे आणि @नाला_निरीक्षक, थोडा मऊ झालोय. पूर्ण नाही. @कलम_चोवीस, सामान्य माणूस काही करू शकतो का, की फोटो काढून ग्रुपवर टाकायचे फक्त?

---

कलम_चोवीस

करू शकतो. कलम ४९. मंडळाला ६० दिवसांची लेखी नोटीस द्या की मी तक्रार करणार आहे, त्यानंतर तुम्ही स्वतः न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाऊ शकता. मंडळाने त्यांच्याकडचे अहवालही तुम्हाला द्यायचे असतात, सार्वजनिक हिताच्या विरोधात नसतील तर. पुण्याला हरित लवादाचं खंडपीठ आहे तेही आहेच. पण तारीख, वेळ, जागा लिहून ठेवा. "पाण्याला घाण वास येतो" यावर कोणताही खटला उभा राहत नाही.

---

तळमजला_बी२

जरा अवांतर. मी धागाकर्त्यांच्याच सोसायटीत आहे (ओळखलं असेलच, अकरा अंगठ्यांतला एक माझा, माफी). कमिटीने आपल्या टाकीचं पाणी तपासायचं ठरवलंय. कुठल्या बाटलीत न्यायचं? घरी बिसलेरीच्या रिकाम्या भरपूर आहेत.

---

सत्तावीस_अंश

बिसलेरी नको!! जंतूंच्या तपासणीसाठी लॅबच निर्जंतुक बाटली देते, तळाशी चिमूटभर थायोसल्फेट असतं. ते धुऊन टाकू नका, त्याने क्लोरीन मारला जातो, नाहीतर वाटेत क्लोरीन जंतू मारेल आणि रिपोर्ट खोटा चांगला येईल. नळाला ज्योत दाखवा, दोन-तीन मिनिटं पाणी सोडा, मग भरा. वर थोडी जागा ठेवा. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. पिण्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (मैल्यातून येणारा जिवाणू) एकही चालत नाही, भारतीय मानक आहे. टाकीतला आणि रस्त्यावरच्या लाइनचा, दोन्ही नमुने वेगवेगळे घ्या, नाहीतर दोष कोणाचा ते कळणार नाही.

आणि बाटलीवर सेक्रेटरींची सही घ्या. तुमचीही करा.

---

तळमजला_बी२

रिपोर्ट आला. लाइनचं पाणी स्वच्छ. टाकीत कोलिफॉर्म आणि ई. कोलाय दोन्ही. काल टाकी उपसली. झाकणापासून हातभर अंतरावर ड्रेनेजचा चेंबर आहे, त्याला आतून चीर गेलीय. फरशीखाली होता म्हणून आजवर कोणाला दिसला नाही.

---

दिव्याचा_दवाखाना

डी विंगमधल्या मुलाचं कसं आहे आता?

---

तळमजला_बी२

बरा आहे, शाळेत जायला लागला. त्याच्या घरी आरओ आहे म्हणे. तो संध्याकाळी खाली क्रिकेट खेळून झालं की वॉचमनच्या केबिनजवळच्या नळाला तोंड लावायचा.

---

स्पष्टवक्ता

तो नळ टाकीवरचा की लाइनचा?

---

तळमजला_बी२

टाकीवरचा. सेक्रेटरी म्हणतात चेंबर मागच्या कमिटीने बांधला. मागची कमिटी म्हणते टाकी बिल्डरने सरकवली. नोटीस लावलीय, रविवारी अकरा वाजता मीटिंग आहे. सत्तावीस_अंश, काका, तुम्ही याल ना?